इंदूर: दिवाळीनंतर शाळेतल्या चार बाई एकदम गेल्या. थांबायचं की टीसी काढायची?

दोन_पिल्लं (धागाकर्ती)
मंडळी, डोक्याला फार घोर लागलाय म्हणून इथे लिहितेय. आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरच्या बाजूला राहतो. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत. शाळा जुन्या शहरातली, आपल्याच मराठी लोकांनी न्यास करून काढलेली. नाव लिहीत नाही, आणि ज्यांना ओळखू येईल त्यांनीही लिहू नका, ही विनंती. सासरे तिथे शिकले, नणंद तिथे शिकली, त्याच विश्वासावर मुलांना घातलं. पूर्वी प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या असायच्या, आता पहिली ते पाचवी मिळून दीडशेच्या जरा खाली मुलं आहेत.

सुट्टी संपून शाळा उघडली तर सहापैकी चार बाई नाहीत. मुलाच्या वर्गबाई नाहीत, मुलीच्या नाहीत, मोठ्या बाईही नाहीत. ग्रुपवर एक ओळ नाही. ऑफिसात विचारलं तर आधी ‘मॅडम छुट्टी पर हैं’, नंतर ‘पर्सनल रीझन’. चौथी आणि पाचवी एका वर्गात बसवतायत.

काल मुलाची गणिताची वही घेऊन बसले. ऑक्टोबरपर्यंत पानापानावर लाल शाई. चुकलेल्या गुणाकाराला गोल, बाजूला ‘हासिल भूल गए’, खाली सही. त्यानंतरची पानं नुसती फळ्यावरून उतरवलेली. एका भागाकारात सातने भागलंय आणि बाकी नऊ उरलीय. त्याच्याखाली बरोबरची खूण आहे. ती खूण बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

पाचवीची परीक्षा आपल्याकडे बोर्ड पॅटर्नने, फेब्रुवारी-मार्चवर आलीच. आता विचारायचं कोणाला, काय विचारायचं, आणि टीसी काढायची की नाही?

सराफा_रात्री_अकरा
काढा. उद्याच काढा. चार जणी एकदम जातात तेव्हा आतलं काहीतरी पार बिघडलेलं असतं. शाळा सावरेल तेव्हा सावरेल, तुमच्या मुलाची पाचवी परत येणार नाही.

मांडवी_बडोदा
थोडं थांबा हो. आमच्याकडे बडोद्यात भाचीच्या शाळेत असंच झालं होतं, तिथे तर आम्हाला रिक्षावाल्या काकांकडून कळलं. पण त्यातल्या एका बाईंनी जाताना वर्गाची एक वही करून ठेवली होती. कोणता धडा कुठवर झाला, कोणत्या मुलाला वाचताना अडतं, कोणाला चष्मा लागलाय पण तो घालत नाही, सगळं त्यात होतं. नव्या बाईंना त्या वहीचा फार उपयोग झाला. तुमच्याकडे गेलेल्या बाईंचा कोणाशी संपर्क आहे का? असेल तर एवढं तरी मागून घ्या.

आणि त्या का गेल्या, ते शाळेला नाही, त्यांनाच विचारा.

खातेवही
मी इंदूरलाच सीए आहे. दोन-तीन छोट्या शाळांची खाती बघतो, त्यामुळे हा प्रकार आतून माहीत आहे. साधं गणित मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या शाळेचे नाहीत.

समजा १४० मुलं. त्यातली ३५ आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांतली, म्हणजे जी फी भरत नाहीत अशी. राहिली १०५. महिन्याची फी १,००० रुपये धरली तर सगळे वेळेवर भरतील तेव्हा १ लाख ५ हजार येणार. ते कधीच सगळे येत नाहीत, ८० हजार आले तरी डोक्यावरून पाणी. सहा शिक्षिकांना १० हजार दिले की ६० हजार संपले. शिपाई, आया, वीज, पाणी, छपाई, मालमत्ता कर, छताची डागडुजी या सगळ्याला २० हजार उरतात.

आता त्या ३५ मुलांचं. त्याच कायद्याच्या कलम १२(२) प्रमाणे सरकार शाळेला पैसे देतं, पण सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यातलं जे कमी असेल तेवढंच. आणि ते दर महिन्याला येत नाही, मागाहून एकरकमी येतं. कधी कधी खूप मागाहून. तोवर शाळेनं उसनवारी करायची. मोठ्या शाळेला ते पेलतं. छोट्या शाळेत सगळ्यात आधी काय थांबतं? पगार. वीज बिल थांबवता येत नाही, मीटर कापतात. बाई मात्र ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हटलं की थांबतात. एक महिना, दोन महिने थांबतात. मग दिवाळी येते, घरात चार खर्च असतात, आणि हातात काहीच येत नाही. सुट्टीनंतर त्या परत आल्या नाहीत यात मला तरी नवल वाटत नाही.

@सराफा_रात्री_अकरा, तुमचं म्हणणं चूक नाही, पण वरच्याच हिशेबात बघा. तीस फी भरणारी मुलं गेली की महिन्याचे ३० हजार गेले, म्हणजे अजून तीन बाईंचा पगार गेला. मग उरलेल्याही जातील.

सराफा_रात्री_अकरा
@खातेवही, हिशेब पटला. पण शाळेचा तोल सांभाळायची जबाबदारी माझ्या मुलाच्या अंगावर का? मी आमच्या मुलीच्या वेळी ‘संस्था आपली आहे, थोडं सांभाळून घेऊ’ असं म्हणत पूर्ण सत्र काढलं. सहावीत नव्या शाळेत गेली तेव्हा तिला अपूर्णांक येत नव्हते. वर्गात उभं केलं की रडायची. आम्ही नवरा-बायको आळीपाळीने रोज रात्री शिकवायला बसायचो. दोन वर्षं लागली त्यातून बाहेर यायला. ते दिवस आठवले की आजही राग येतो. म्हणून मी तडकाफडकी लिहिलं आणि त्यावर ठाम आहे.

माई_रामबाग
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात रे. मी सदतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, आता घरी असते. धागाकर्तीच्या प्रश्नाकडे येते. काय विचारायचं, ते सांगते.

पहिलं, वेळापत्रक मागा. लेखी. कोणत्या वर्गाला, कोणत्या तासाला, कोण. ‘सगळं सुरळीत आहे’ हे उत्तर घेऊच नका. वेळापत्रक देता येत नसेल तर वर्ग चालू नाहीत असंच समजायचं.

दुसरं, शिक्षिका किती हव्यात ते कायद्यातच लिहिलंय. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५ असा हिशेब आहे, आणि मुलं १५० च्या वर गेली की वेगळे मुख्याध्यापक. तुमच्याकडे दीडशेच्या खाली आहेत, म्हणजे ५ तरी हव्यातच. दोन जणींवर शाळा चालवणं नियमात बसत नाही. वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे, हेही त्यातच आहे.

तिसरं, नव्या बाई आणतील त्या कोण? पाचवीपर्यंतच्या वर्गांना डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. बीएडवाल्यांना हे वर्ग देता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. शिक्षकांची ही पात्रता खाजगी शाळांनाही लागू आहे. घाईघाईत शेजारची बारावी झालेली मुलगी उभी करतात, ती बिचारी जीव तोडून करते, पण सातने भागून नऊ बाकी उरली तर ते तिच्या लक्षात येत नाही.

आणि बाळ, तू घरी एक कर. मागच्या वर्षीचं, म्हणजे चौथीचं पुस्तक काढ. एक परिच्छेद मोठ्याने वाचून घे आणि तो काय होता ते त्याला त्याच्या शब्दांत सांगू दे. मग हातच्याची वजाबाकी, तीन अंकी गुणाकार, एका अंकाने भागाकार, दोन-दोन दे. हे येत असेल तर एवढ्यात फार बिघडलेलं नाही. दुसरीतल्या मुलीकडे जास्त लक्ष दे. लोक पाचवीला घाबरतात, मी दुसरीला घाबरते. या वयात वाचनाची गाडी अडली की पुढचे सगळे विषय अडतात.

पोहे_जिरावन
माई, नमस्कार. तुमच्यासारख्या बाई मिळाल्या असत्या तर मीही आज सीए झालो असतो.

(खातेवहींनी रागावू नये, पोह्याची पहिली प्लेट माझ्याकडून, वर शेव जास्तीची.)

चार_पिढ्या_माळव्यात
शाळा कोणती असेल याचा अंदाज आला, लिहीत नाही. पण जुन्या शहरातल्या अशा तीन-चार संस्थांची गोष्ट एकच आहे. होळकरांच्या काळात इकडे आलेली कुटुंबं राजवाड्याच्या आजूबाजूला, रामबाग, नारायण बाग, खातीपुऱ्याच्या पट्ट्यात राहायची. तिकडे मिलच्या भागात कामगारांची वस्ती. शाळा भरलेल्या असायच्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (रात्रीच्या चित्ररथांच्या) दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी मुलं डुलक्या काढायची आणि बाईही समजून घ्यायच्या. मग मिल बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद झाली, तिथल्या कामगारांच्या हातात हक्काचे पैसे पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तेवढ्या काळात त्यांची मुलंच काय, नातवंडंही शाळेत जाऊन बाहेर पडली. ज्यांची परिस्थिती सुधारली ते बायपासकडे, महालक्ष्मी नगरकडे गेले आणि पिवळ्या बसच्या शाळेत मुलं घातली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा उरलेल्यांतलेही बरेच गेले.

आमच्या वेळी मराठी हा विषय होता. आता तोही नाही. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला आम्ही दोघं जातो, मुलगा म्हणतो, ‘आई, सगळं समजतं, पण एवढ्या भराभर नको बोलायला त्यांनी.’ असो, विषय भरकटला. मला म्हणायचंय ते हे की माजी विद्यार्थी या शहरात भरपूर आहेत आणि चांगल्या स्थितीत आहेत. एखाद्या बाईंचा वर्षाचा पगार उचलणं आमच्या बॅचला जड नाही. पण कोणी मागितलंच नाही कधी. संस्थेच्या लोकांना वाटतं, मागितलं तर अब्रू जाईल.

फळा_आणि_खडू
मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते, कारण सोडून जाणाऱ्यांपैकी मी एक आहे. शाळा तुमची की दुसरी, ते सांगणार नाही. इंदूरची आहे एवढं पुरे.

पगार २० तारखेला यायचा, मग २५ ला, मग अर्धा. एक काळ असा होता की खात्यात पूर्ण जमा व्हायचा आणि त्यातला काही भाग रोख परत द्यावा लागायचा. सही मात्र पूर्ण रकमेवर. नोकरीला लागताना डीएलएडची मूळ मार्कशीट जमा करून घेतली होती. ती परत मागितली की ‘सत्र संपल्यावर’. मध्येच सोडलं तर अनुभवाचा दाखला नाही. वर्ग तीनची, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची सरकारी भरती निघाली तेव्हा मला कागदपत्रं दाखवायची होती, त्यासाठी ऑफिसच्या बाकावर ताटकळत बसले होते.

शेवटच्या दिवशी मला बजावलं होतं की वर्गात काही बोलायचं नाही, मुलं घरी सांगतात आणि पालक गोंधळ घालतात. शेवटच्या तासाला मी नेहमीसारखा धडा वाचला. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, कल टेस्ट है ना?’ मी हो म्हटलं. घरी आल्यावर तपासायचा राहिलेला वह्यांचा गठ्ठा पिशवीत निघाला. दुसऱ्या दिवशी गेटवर शिपाईदादांकडे देऊन आले. सगळ्या तपासून दिल्या होत्या.

आम्हाला मुलांची फिकीर नव्हती असं कृपा करून समजू नका.

दोन_पिल्लं (धागाकर्ती)
@फळा_आणि_खडू ताई, काय लिहू कळत नाही. तुम्ही माझ्या मुलाच्या बाई असाल किंवा नसाल, तुमच्याबद्दल मनात कुठलाही राग नाही. एवढं तुम्हाला कळायला हवं.

कोर्टाची_पायरी
इंदूर खंडपीठात वकिली करतो. ताईंच्या पोस्टवरून काही गोष्टी स्पष्ट करतो.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा शाळेला अधिकार नाही. लेखी मागणी करा, पोच घ्या, नाही दिली तर नोटीस पाठवता येते.

दुसरं, शिक्षक गुपचूप का जातात याचं एक कायदेशीर कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरंबाल प्रकरणात शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातले ‘कामगार’ नाहीत असं ठरवलं. गिरणीतला माणूस कामगार न्यायालयात जायचा, बाईंना तो रस्ता नाही. दिवाणी दावा लावायचा तर खर्च आणि वर्षं. दोन महिन्यांच्या पगारासाठी कोण लावणार?

ग्रॅच्युइटीचं मात्र चित्र वेगळं आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि २९ ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शाळांचं म्हणणं फेटाळून दुरुस्ती कायम ठेवली. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झालेल्यांना ती मिळायलाच हवी. गेलेल्या बाईंपैकी कोणाची तेवढी झाली असतील तर त्यांना हे सांगा, बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

पालकांसाठी: आधी संस्थेच्या सचिवांना सह्यांचं पत्र, मुदत देऊन. तेवढ्यात भागलं तर उत्तम. नाही भागलं तर शिक्षण खात्याचे गटाचे समन्वयक (बीआरसी) आणि त्यांच्या वर जिल्ह्याचे समन्वयक (डीपीसी), कारण आठवीपर्यंतच्या मान्यतेचं काम त्यांच्याकडे असतं. कलेक्टोरेटमध्ये मंगळवारी जनसुनवाई असते, तिथे समोर तक्रार मांडता येते. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार करता येते, पण तो पहिला फोन करू नका. एकदा तक्रार चढली की संस्था बचावात जाते आणि बोलणं बंद होतं.

नवी_आई_सुदामानगर
शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश असतात ना? मग पालकच का नाही ठरवत?

माई_रामबाग
अगं, ती आरटीईच्या कलम २१ ची समिती सरकारी आणि अनुदानित शाळांना. विनाअनुदानित खाजगी शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणून तर सह्यांचं पत्र लागतं.

सियागंजवाला
मी फार लिहीत नाही. सियागंजात दुकानावर कामाला आहे. माझा मुलगा अशाच एका शाळेत आरटीईवर आहे, तिसरीत. सगळे टीसी काढा, टीसी काढा म्हणतात. फी भरणारे काढतील. आम्ही कुठे जाणार? ती लॉटरी सुरुवातीच्या वर्गाला असते, तिसरीत दुसऱ्या खाजगी शाळेत फुकट जागा कोण देणार? सरकारी शाळेत घालीन, त्यात मला कमीपणा नाही, मी तिथेच शिकलो. पण मुलगा या शाळेत रुळलाय, त्याला इथे वाचायला यायला लागलं.

पत्रावर सह्या घ्याल तेव्हा आम्हालाही बोलवा. मीटिंगला आम्हाला निरोपच येत नाही बहुतेक वेळा.

खातेवही
@सियागंजवाला, दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि तुमच्या मुलाचे पैसे सरकार शाळेला देतं, उपकार कोणी करत नाहीये. मीटिंगला बसायचा तुमचा हक्क बाकीच्यांइतकाच.

सराफा_रात्री_अकरा
सियागंजवाले दादांचं वाचून मीही विचारात पडलो. तरी मुदत ठरवा हे माझं म्हणणं राहीलच. ‘बघू’ वर सत्र जातं.

आणि ज्यांना टीसी काढायचीच आहे त्यांना एक सांगतो. नुसता कागद घेऊन चालत नाही. यूडायसच्या, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेनं मुलाला सोडल्याची नोंद केली नाही तर नव्या शाळेला त्याचं नाव घेता येत नाही. समग्र आयडीवरचं (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावरचं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही आधीच बघा. आमचे यातच खूप हेलपाटे झाले. पाचवीच्या मुलाचं परीक्षेच्या तोंडावर हे करायचं असेल तर नवी शाळा लेखी हो म्हणेपर्यंत जुनी सोडू नका.

पोहे_जिरावन
बाहेर पडलेल्या बाईंकडेच ट्यूशन लावली तर? मुलांनाही ओळखीच्या.

कोर्टाची_पायरी
नोकरीत असलेल्या शिक्षकांना आरटीईच्या कलम २८ प्रमाणे खाजगी शिकवणी करता येत नाही. नोकरी सोडलेल्यांना ती अडचण नाही. फक्त फी ठरवताना सियागंजवाले दादांसारख्यांचा विचार करा.

दोन_पिल्लं (धागाकर्ती)
मध्ये लिहायला जमलं नाही, पण तुम्ही सांगितलेलं बरंचसं केलं. सगळं सविस्तर लिहिते, कारण इथूनच बळ आलं.

पत्र लिहिलं. साठ-सत्तर सह्या झाल्या, आरटीईच्या पालकांच्याही, त्यांच्या घरी जाऊन घेतल्या. मागण्या तीनच ठेवल्या: वर्गवार लेखी वेळापत्रक, पाचवी वेगळी बसवणं, आणि शिक्षिकांचे थकलेले पगार कधी देणार ते पालकांसमोर सांगणं. तिसऱ्या मागणीवर आमच्यातच वाद झाला. काही जण म्हणाले, पगार हा त्यांचा आतला मामला. मी म्हटलं, ज्या कारणाने बाई गेल्या तेच सोडून बाकी सगळं विचारायचं का?

सचिवकाकांनी आधी टाळलं, मग शनिवारी बोलावलं. वय ऐंशीच्या घरातलं. फाइल उघडून त्यांनी सगळं समोर ठेवलं. आरटीईचे पैसे अडकलेत, फीची थकबाकी मोठी आहे, आणि पगार तीन महिन्यांचे राहिलेत. ‘सांगायची लाज वाटली’ म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि रागही तेवढाच आला. लाजेपायी दीडशे मुलांना कोणी काही सांगितलं नाही. थकलेल्या फीत आमच्यातल्याच काही जणांची नावं होती. त्यांनी तिथेच काही रक्कम भरली.

आता स्थिती अशी: थकलेल्यातले दोन महिन्यांचे पगार दिले गेले. मूळ कागदपत्रं सगळ्यांची परत केली, ते आमच्यासमोर झालं. मुलाच्या वर्गबाई मार्चपर्यंत परत यायला तयार झाल्या, अर्ध्या दिवसासाठी, गणित आणि पर्यावरण. मोठ्या बाई येणार नाहीत, त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन नव्या नेमणुका झाल्या, एकीचं डीएलएड झालंय, दुसरी अजून शिकतेय. या शिकणारीला आम्ही हरकत घेतली, तेव्हा तिला स्वतंत्र वर्ग न देता इयत्ता पहिलीच्या बाईंबरोबर मदतीला ठेवलं. पाचवी वेगळी बसते. वेळापत्रक गेटच्या आत भिंतीवर लावलंय. तरी सात घरांनी टीसी काढली. त्यांना कोणी काही बोललं नाही, बोलूही नये.

आमचं: मुलगा परीक्षेपर्यंत इथेच. माईंनी सांगितलेली परीक्षा घरी घेतली. त्याचं वाचन चांगलं आहे, भागाकार कच्चा आहे. मुलगी मात्र जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. तिची काळजी जास्त आहे. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू व्हायच्या आधी शाळेत मोठ्या बाई आल्या नाहीत तर दोघांना काढणार, हे सचिवकाकांना सांगून आलेय.

सराफा_रात्री_अकरा
मुदत ठेवलीत, छान केलंत. मोडू नका.

चार_पिढ्या_माळव्यात
आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं. एका बाईंचा जूनपर्यंतचा पगार आम्ही उचलतोय, पण धनादेश थेट त्यांच्या खात्यात आणि दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, ही अट घातलीय. @खातेवही, याची पावती न्यासाच्या नावाने घ्यायची की कसं, जरा सांगा.

खातेवही
थेट शिक्षिकेला देऊ नका, ती तुमची नोकर ठरत नाही आणि शाळेच्या वह्यांत काहीच दिसणार नाही. न्यासाला त्याच कामासाठीची देणगी म्हणून द्या, पत्रात ‘फक्त वेतनासाठी’ असं लिहा, पावती घ्या, आणि शाळेनं बँकेतून पगार दिल्याची नोंद दर महिन्याला मागा. न्यासाकडे ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी) असेल आणि देणारा जुन्या करप्रणालीत असेल तर करातही सूट मिळेल, ते आधी विचारा. कागद करायला मी येतो, पैसे नकोत.

माई_रामबाग
मी मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी पाच ते सहा रामबागेत घरी आहे. दुसरी-तिसरीची ज्यांची वाचायला अडतात ती पाठवा. फी नाही. दहाच्या वर मुलं नकोत, माझा आवाज आता पोचत नाही. पत्ता निरोपातून देते.

सियागंजवाला
माई, मुलगा तिसरीत आहे, तुमच्या शाळेचा नाही. चालेल का? येताना काय आणू?

माई_रामबाग
शाळा कुठलीही चालेल. दुसरीचं पुस्तक आणि एक चौकटीची वही दे बरोबर. पेन्सिल दोन.